भुताच्या मागावरची यंत्रं

१९३७ च्या मे महिन्यात लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये एक छोटी जाहिरात आली. झपाटलेल्या समजल्या जाणाऱ्या एका घरावर वर्षभर पहारा ठेवायचा आहे. हाताशी सवड असलेली, न घाबरणारी, चिकित्सक आणि मन कोरं ठेवू शकणारी माणसं पाहिजेत. जाहिरात देणारा होता हॅरी प्राइस. घर होतं इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातलं बोर्ली रेक्टरी, म्हणजे गावच्या पाद्रीबुवांचा जुना ऐसपैस बंगला. प्राइसने तो वर्षाच्या कराराने भाड्याने घेतला आणि ४८ जणांना पाळीपाळीने तिथे बसवलं.

या प्राइसची एक पेटी होती. तिच्यात पोलादी टेप, पावलं वाजू नयेत म्हणून बुटांवर चढवायचे नमद्याचे जोडे, दारं-खिडक्या मोहोरबंद करायला दोरा आणि शिशाची सीलं, बोटांचे ठसे उठवायला ग्राफाइटची पूड आणि मऊ ब्रश, तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र, कॅमेरे, विजेच्या घंटा, खडू, मेणबत्ती, आयोडीन असा सगळा संसार होता. कोणी भोवळ येऊन पडलाच तर त्याच्यासाठी ब्रँडी. आणि एक वाडगंभर पारा! कोणी अदृश्य चाललं तरी जमीन किंचित हादरेल आणि पाऱ्यावर तरंग उठेल, असा त्यामागचा हिशोब.

हिशोब चुकीचा नव्हता. पाऱ्याला बारीकसा हादरासुद्धा कळतो. पण तो हादरा कोणाचा, हे पारा सांगत नाही. लांबून जाणाऱ्या गाडीचा, भिंतीतल्या उंदराचा की आणखी कोणाचा, हे बघणाऱ्याने ठरवायचं. पुढे १९५६ मध्ये सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेच्या तिघा अभ्यासकांनी बोर्लीच्या पुराव्यांची चिरफाड केली आणि प्राइसच्या निष्कर्षांचं फारसं काही शिल्लक ठेवलं नाही. तोवर बोर्लीचा बंगला जळून गेला होता आणि प्राइसही हयात नव्हता. त्याची ती पेटी मात्र पुढच्या प्रत्येक भूतशोधकाच्या खांद्यावर आली. आज यूट्यूबवर पडक्या वाड्यात रात्री शिरणाऱ्या पोरांच्या सॅकमध्ये तिचीच नवी आवृत्ती असते. ही यंत्रं नेमकं काय मोजतात, हे एकेक करून पाहायला बसलं की भुताचा विषय मागे पडतो आणि त्याहून अचाट गोष्टी समोर येतात.

लुकलुकणारे दिवे

सॅकमधलं सगळ्यात लाडकं यंत्र म्हणजे ईएमएफ मीटर. ईएमएफ म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्र. रिमोटएवढी डबी, तिच्या डोक्यावर हिरव्यापासून लालपर्यंत पाच दिवे. भूत जवळ आलं की आसपासचं क्षेत्र बदलतं आणि दिवे पेटतात, असं मानलं जातं.

दिवे पेटतात हे खरंच आहे. हे यंत्र मुळात पाहतं ते सतत दिशा बदलणारं क्षेत्र. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते, त्यामुळे वाहत्या विजेच्या प्रत्येक तारेभोवती असं क्षेत्र तयार होतं. भिंतीत दडलेली जुनी वायरिंग, खोलीपलीकडचा फ्रिज, बंद माळ्यावरची पंपाची मोटर, या सगळ्यांची खबर ही डबी इमानेइतबारे देते. कॅमेरामनच्या खिशातल्या मोबाइलने टॉवरशी संपर्क साधला तरी ती दचकते. स्वस्तातली मीटरं एकाच दिशेतलं क्षेत्र मोजतात, म्हणून हातातल्या हातात मनगट वळवलं तरी आकडा बदलतो. ‘तू इथे असशील तर दिवा लाव’ असं अंधारात कोणी विचारतं, उत्सुकतेने हात जरा पुढे नेतं आणि दिवा लागतो.

खोलीतली गार जागा

‘कोल्ड स्पॉट’ हा भूतशोधकांचा दुसरा परवलीचा शब्द. खोलीत एकाच ठिकाणी अचानक गारवा जाणवला की तिथे कोणीतरी आहे असं समजायचं. तो मोजायला तापमानाची बंदूक वापरतात. करोनाच्या काळात हाउसिंग सोसायटीच्या गेटवर वॉचमन आपल्या कपाळावर रोखायचा, त्याच जातकुळीची.

ही बंदूक हवेचं तापमान मोजतच नाही. प्रत्येक पृष्ठभाग आपल्या उष्णतेनुसार अवरक्त किरण बाहेर टाकतो, ते गोळा करून ती आकडा दाखवते. खोलीच्या मधोमध रोखली तर आकडा मिळतो समोरच्या भिंतीचा, आणि भिंत ओलसर असेल किंवा तिच्यामागे पाण्याचा नळ असेल तर तो खाली येणारच. अंगावरून गेलेली गार झुळूक तिला कळत नाही, आपल्या त्वचेला कळते. शिवाय माणूस घाबरला की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, हात गार पडतात, अंगावर काटा येतो. म्हणजे काही वेळा थंडी खोलीत नसते, अंगातच तयार होते.

टेपवरचे आवाज

१९५९ मध्ये फ्रीडरिक युर्गेन्सन हा चित्रकार स्वीडनमधल्या आपल्या घराजवळ पक्ष्यांचं गाणं टेप करत होता. टेप पुन्हा ऐकताना त्याला त्यात माणसाचा आवाज ऐकू आला. पुढे तर आपल्या दिवंगत आईने लाडाच्या नावाने मारलेली हाकही त्याने टेपवर ओळखली. त्याचं वाचून कॉन्स्टंटिन राउडिव्ह या लॅटव्हियन अभ्यासकाने असे हजारो आवाज जमवले. ते आवाज एकाच वाक्यात दोन-तीन भाषांची सरमिसळ करत, असं तो सांगे. राउडिव्ह स्वतः बहुभाषिक होता, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

अशा आवाजांना ईव्हीपी म्हणतात. ‘स्पिरिट बॉक्स’ हा त्याचाच पुढचा अवतार. फ्रँक सम्पशन या अमेरिकन माणसाने २००२ मध्ये असा पहिला डबा बनवला. हा साधा रेडिओच, पण कुठल्याच स्टेशनवर न थांबणारा. क्षणाच्या एका तुकड्यापुरतं एक स्टेशन, की लगेच पुढचं. एफएमच्या पट्ट्यात तो फिरवून पाहा. खरखर, निवेदकाचं अर्धं हसू, तबल्याची एक थाप, जाहिरातीतला एक शब्द, पुन्हा खरखर. एवढ्याशा फटीतून अख्खं वाक्य येऊ शकत नाही. पण ‘जा’, ‘ये’, ‘कोण’, ‘नाही’ हे शब्द सहज मावतात. आणि भुताला विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला यातलं एखादं उत्तर चालतंच.

यातला खरा चमत्कार मात्र आपल्या कानामागच्या मेंदूचा आहे. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी बोललेलं वाक्य घेऊन त्यातलं जवळजवळ सगळं काढून टाकलं आणि वर-खाली होणाऱ्या तीन शिट्ट्या तेवढ्या ठेवल्या. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या विचित्र शिट्ट्याच वाटल्या. पण हे मुळात वाक्य आहे असं सांगितल्यावर अनेकांना शब्द ऐकू आले. वाक्य एकदा कळलं की पुन्हा त्या नुसत्या शिट्ट्या म्हणून ऐकणं कठीण जातं. भूतशोधाच्या व्हिडिओत आवाजाआधी पडद्यावर ठळक अक्षरांत वाक्य का येतं, ते आता लक्षात येईल. डोळे मिटून तोच तुकडा ऐका. दहा जण दहा वाक्यं सांगतील.

प्रकाशाचे गोळे आणि काडीमाणसं

डिजिटल कॅमेरे घरोघरी आले आणि फोटोंमध्ये तरंगणारे पांढरे गोळे दिसू लागले. भूतशोधक त्यांना ‘ऑर्ब’ म्हणतात. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला अगदी खेटून असतो. भिंगासमोर काही सेंटिमीटरवर उडणारा धुळीचा कण फ्लॅशमध्ये झळाळून उठतो, पण इतक्या जवळचं कॅमेऱ्याला स्पष्ट दिसत नाही, म्हणून त्याची फिकट तबकडी होते. पावसाच्या भुरभुरीत रात्री फ्लॅश मारून पाहा, गोळ्यांची जत्रा भरेल.

त्याहून नवलाचा आहे एसएलएस कॅमेरा. हा मूळचा मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट, २०१० मध्ये व्हिडिओ गेम खेळण्यासाठी आलेला. तो खोलीभर न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे हजारो ठिपके फेकतो, त्यांच्या विस्कटण्यावरून खोलीची खोली ओळखतो आणि त्यात माणूस हुडकतो. डोकं, खांदे, कोपर, गुडघे जुळवून काड्यांचा माणूस पडद्यावर रेखाटतो. हे सॉफ्टवेअर एकाच कामासाठी घडवलंय: माणूस शोध. अंधाऱ्या खोलीत खुर्ची, पडदा आणि कोट टांगलेली खुंटी यांच्यासमोर त्याला सोडलं की ते तिथेही माणूस शोधतं. कोट थोडा हलला तर काडीमाणूस हात हलवतो. भिंतीवरच्या ओलीच्या डागात चेहरा पाहणारा आपला मेंदू हेच करतो. फरक इतकाच की यंत्राला त्याची भीती वाटत नाही.

टेबल हलवतं कोण?

प्लँचेट आपल्याकडे नवं नाही. होस्टेलच्या खोलीत, सुट्टीत जमलेल्या भावंडांत, कागदावर अक्षरं मांडून उपड्या वाटीवर किंवा नाण्यावर बोटं टेकवणारे घराघरात सापडतील. वाटी सरकते आणि कोणीच ती ढकललेली नसते. सगळे शपथेवर सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

विजेचा महर्षी मायकेल फॅरडे १८५३ मध्ये या कोड्याला भिडला. तेव्हा इंग्लंडमध्ये हात टेकवून टेबलं फिरवण्याची साथ आली होती. फॅरडेने टेबल आणि हात यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवले आणि ते एकमेकांना मऊ, सरकू शकतील अशा चिकट गोळ्यांनी जोडले. टेबल आपणहून हलत असेल तर खालचे थर आधी सरकतील आणि हात मागे राहतील; हात हलवत असतील तर वरचा थर पुढे जाईल. बैठक झाली, टेबल सरकलं. फॅरडेने थर तपासले, तर वरचा पुठ्ठा सगळ्यांत पुढे होता. मग त्याने हाताची हालचाल दाखवणारा एक काटा बसवला. आपला हात कुठे रेलतोय हे बसणाऱ्यांना डोळ्यांसमोर दिसू लागलं आणि टेबल गप्प झालं.

पुठ्ठा, गोंद आणि एक काटा! भूतशोधाच्या दोन शतकांत याहून स्वस्त आणि याहून चोख यंत्र कोणी बनवलेलं नाही. हेतू मनात येण्याआधीच स्नायू हलतात आणि त्या हालचालीची खबर मनाला नसते, ही गोष्ट त्याने आपल्या हातांकडून वदवून घेतली.

न ऐकू येणारा आवाज

इंग्लंडमधल्या विक टँडी या इंजिनिअरची गोष्ट भूतशोधकांत फार प्रसिद्ध आहे. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या त्याच्या प्रयोगशाळेत लोकांना अस्वस्थ वाटायचं. एका रात्री एकटा काम करत असताना त्याला घाम फुटला आणि नजरेच्या कडेला एक करडी आकृती दिसली. वळून पाहिलं तर काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीच्या स्पर्धेसाठी आपलं पातं दुरुस्तीला पकडीत अडकवलं, तर ते आपोआप थरथरू लागलं. टँडी घाबरला, पण होता इंजिनिअर. त्याने पातं खोलीभर सरकवून पाहिलं. मधोमध थरथर सर्वांत जास्त, टोकाला गेलं की बंद. कारण सापडलं ते नव्याने बसवलेल्या एक्झॉस्ट फॅनमध्ये. तो सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा आवाज काढत होता. आपले कान साधारण २० च्या खालचं ऐकत नाहीत. पंख्याची जोडणी बदलली आणि भूत गेलं. हा अनुभव १९९८ मध्ये शोधनिबंध म्हणून छापून आला.

गोष्ट इथे संपवायला सगळ्यांना आवडतं. पण लंडनच्या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एक प्रयोग छापला. एका खोलीत ७९ जणांना एकेकटं सोडलं. काही वेळा असा ऐकू न येणारा आवाज आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र चालू, काही वेळा बंद. चित्रविचित्र अनुभव पुष्कळांना आले, पण यंत्रणा चालू होती की बंद, याचा त्यांच्याशी संबंध लागला नाही. काहीतरी घडू शकतं असं आधी सांगितलेलं असलं की रिकामी खोलीही पुरते. टँडीच्या पात्याचं थरथरणं खरं होतं. करड्या आकृतीचा जन्म त्यातूनच झाला, हे मात्र सिद्ध व्हायचं आहे. भुताबाबत जी चिकित्सा, तीच वैज्ञानिक स्पष्टीकरणाबाबतही हवी.

पेटीत घालायचं राहून गेलेलं यंत्र

आणि आता एक प्रकरण, ज्यात झपाटलेलं घर खरोखर जिवावर उठलं होतं. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम विल्मर या नेत्रतज्ज्ञाने एका वैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकिगत छापली. जुन्या मोठ्या घरात राहायला आल्यापासून घरातल्यांची डोकी जड, मुलं निस्तेज, कुंडीतली झाडं मेलेली. रात्री पावलं वाजायची, छातीवर दडपण यायचं, पलंगाशी आकृत्या दिसायच्या. शेवटी एका नातलगाला अशाच एका विषबाधेचं कुठेतरी वाचलेलं आठवलं. तपासणीत दिसलं की घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर धुराड्याऐवजी घरातच पसरत होता. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि मेंदूची उपासमार होते. भट्टी दुरुस्त झाली आणि भुतं निघून गेली.

या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्याकडे घराला भट्टी नसते, पण बंद बाथरूममधला गॅस गीझर असतो, आणि त्यामुळे गुदमरून गेलेल्यांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो. तेव्हा घरात सगळ्यांनाच एकदम डोकेदुखी, मळमळ, भास असं काही होऊ लागलं तर आधी खिडक्या उघडा, गीझर बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि डॉक्टर गाठा. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. भूतशोधकांच्या सगळ्या यंत्रांत जीव वाचवणारं यंत्र हे एकच आहे.