डिझेल सुरू झाले, वीज आली नाही

'अणुवीज केंद्रातला आणीबाणीचा जनरेटर बंद पडला' अशी बातमी वाचली की आपल्या डोळ्यांसमोर सोसायटीच्या आवारातला जनसेट उभा राहतो. बॅटरी उतरली असेल, डिझेल संपले असेल, मेकॅनिकला फोन करा आणि तोवर जिन्याने चढा. आपले बरेचसे गैरसमज या चित्रातूनच निघतात. त्यातले काही नुसते अज्ञानाचे असतात, पण काही चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनाही असतात.

'वीज तयार करणाऱ्या केंद्राला बाहेरची वीज कशाला?'

भट्टी बंद झाली की केंद्र वीज विकणारे राहत नाही, वीज घेणारे गिऱ्हाईक होते. साखळी प्रक्रिया काही सेकंदांत थांबते, पण इंधनातल्या किरणोत्सारी अणूंचा ऱ्हास थांबवण्याचे बटण कुणाकडेच नाही. भट्टी बंद होते त्या क्षणी मूळ औष्णिक शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते. तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास आणि दिवसभराने अर्ध्या टक्क्यावर येते. आकडा किरकोळ वाटतो. पण ३,००० मेगावॉट औष्णिक शक्तीच्या भट्टीत अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॉट. ही उष्णता वाहून नेणाऱ्या पंपांना वीज हवी. ग्रिड गेले तर ती डिझेल जनरेटरने द्यायची.

ही यंत्रे रेल्वेच्या किंवा जहाजाच्या इंजिनांच्या जातीची असतात आणि एकेकाची क्षमता काही मेगावॉटची असते. ती दाबाखालच्या हवेने सुरू होतात. हुकूम मिळाल्यापासून साधारण दहा सेकंदांत पूर्ण वेग आणि व्होल्टेज गाठायचे आणि मग पंपांचा भार ठरलेल्या क्रमाने उचलायचा, अशी अपेक्षा असते. त्यासाठी इंजिन उभे असतानाही त्याभोवतीचे पाणी आणि वंगण कोमट ठेवतात.

'जनरेटर फेल म्हणजे इंजिन फेल'

सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. जनरेटरचे काम फसले म्हणजे पिस्टन तुटला किंवा क्रँकशाफ्ट मोडला, असे आपण धरून चालतो. तसे कधी घडत नाही असे नाही. १९८३मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शोरहॅम केंद्रात चाचणी चालू असताना एका डिझेलचा क्रँकशाफ्ट खरोखरच तुटला. पण काही गाजलेल्या घटनांत इंजिन धडधाकट होते आणि दोष निघाला तो भलतीकडेच.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातले व्होगल केंद्र घ्या. २० मार्च १९९० रोजी तिथले पहिले युनिट इंधन बदलण्यासाठी बंद होते. दोन डिझेल जनरेटरांपैकी एक दुरुस्तीसाठी खोललेला, एक ट्रान्सफॉर्मरही दुरुस्तीला. अशा वेळी स्विचयार्डात मागे येणारा एक ट्रक विजेच्या तारेचा आधार असलेल्या खांबावर आदळला आणि बाहेरचा पुरवठा गेला. उरलेले एकमेव डिझेल सुरू झाले, त्याने भार घेतला आणि १ मिनिट २० सेकंदांनी ते स्वतःहून बंद पडले. पुन्हा सुरू केले, तर या खेपेला ते १ मिनिट १० सेकंद चालले. इंजिन झटकन सुरू होत होते, आवाज ठीक होता, भारही घेत होते, आणि तरी बंद पडत होते.

दुसऱ्यांदा बंद पडले तेव्हा माणसे स्थानिक पॅनेलसमोर उभी राहून कोणते दिवे लागतात ते पाहत होती. शेवटी बहुतेक संरक्षक ट्रिप बाजूला ठेवणाऱ्या आणीबाणीच्या पद्धतीने ते सुरू केले, आणि ते चालत राहिले. वीज गेल्यापासून ३६ मिनिटे झाली होती. तेवढ्या वेळात भट्टीतल्या पाण्याचे तापमान सुमारे ३२ अंश सेल्सिअसवरून ५८ अंशांवर गेले होते. नंतरच्या तपासात संशयाची सुई वळली ती इंजिनाभोवतीच्या पाण्याचे तापमान पाहणाऱ्या स्विचांकडे. पाणी तापले नव्हते. 'पाणी तापले' असे स्विच सांगत होते.

स्वीडनच्या फोर्समार्क केंद्रातली गोष्ट तर आणखी विचित्र आहे. २५ जुलै २००६ रोजी ४०० किलोव्होल्टच्या स्विचयार्डात काम चालू असताना शॉर्टसर्किट झाले. व्होल्टेज आधी कोसळले, मग उसळले. त्या उसळीने चारपैकी दोन यूपीएस बंद पडले. चारही डिझेल बिनतक्रार सुरू झाली, पण जोडली गेली दोनच. इंजिनाने पुरेसा वेग गाठला आहे असा संकेत मिळाल्याशिवाय ब्रेकर लागत नाही, आणि उरलेल्या दोन डिझेलांच्या वेगमापनाची वीज त्या बंद पडलेल्या यूपीएसवरून येत होती. म्हणजे सगळे गेले तरी आपल्या पायावर उभे राहावे म्हणून बसवलेले यंत्र सुरू झाले, पण 'मी सुरू आहे' हे सांगायला त्याला दुसऱ्याची वीज लागत होती! २२ मिनिटांनी ऑपरेटरांनी हाताने पुरवठा जोडला. भट्टी सुरक्षित राहिली, कारण शीतकरणाला जोडली गेलेली दोन डिझेल पुरेशी होती.

म्हणून जाणकार माणूस डिझेलच्या तक्रारीत आधी नेमका प्रश्न विचारतो. इंजिन सुरूच झाले नाही? सुरू होऊन थांबले? चालू आहे, पण व्होल्टेज नाही? की व्होल्टेज आहे आणि ब्रेकर लागत नाही? पहिल्या प्रकारात हवेचा दाब, सुरुवातीचे व्हॉल्व्ह, इंधनाचा पुरवठा बघायचा. दुसऱ्यात ट्रिपचे स्विच आणि गव्हर्नर. तिसऱ्यात जनरेटरचे फील्ड आणि व्होल्टेज रेग्युलेटर. चौथ्यात रिले आणि संकेतांच्या तारा. चारही प्रकारांना बातमीत एकच शब्द असतो : निकामी.

यालाच जोडून एक सवयीचा गैरसमज येतो, की बंद पडले तर रीसेट करून पुन्हा मारून बघावे. घरच्या पंपाला ते चालते. इथे रीसेटचे बटण दाबले की पॅनेलवरचे दिवे विझतात आणि सर्वांत आधी कोणता इशारा आला हा पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. आधी नोंद, मग हात.

आता फुकुशिमा. 'भूकंपात जनरेटर निकामी झाले' हे आजही सर्रास ऐकू येते. ११ मार्च २०११ला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला, बाहेरची वीज गेली आणि तिथल्या दाइइची केंद्रातल्या १३ डिझेलांपैकी देखभालीसाठी बंद ठेवलेले एक सोडून बाकी सगळी सुरू झाली. सुमारे ५० मिनिटे ती चालली. मग सुनामी आली. बहुतेक जनरेटर तळघरांत होते, तिथे पाणी भरले. पण लक्षात ठेवण्याजोगा तपशील पुढेच आहे. दुसऱ्या आणि चौथ्या युनिटचे एकेक हवेने थंड होणारे जनरेटर जरा उंचावर होते, ते बुडाले नाहीत. त्यांची वीज वाटणारे स्विचगिअर मात्र तळघरात होते आणि ते बुडाले. त्यामुळे कोरड्या जनरेटरांचाही उपयोग झाला नाही. सहाव्या युनिटचे हवेने थंड होणारे एकच डिझेल चालू राहिले आणि त्याच्या जोरावर पाचवे व सहावे ही दोन्ही युनिटे सांभाळली गेली. नुसते 'जनरेटर उंचावर ठेवा' म्हणणाऱ्यांनी हे स्विचगिअर विसरू नये.

'जितक्या जास्त चाचण्या, तितका भरवसा'

ऐकायला बिनतोड वाटते आणि अमेरिकेच्या नियामकांनाही एकेकाळी तसेच वाटत होते. शेवटच्या १०० चाचण्यांत अपयशे वाढली की चाचण्यांमधले अंतर कमी करायचे, अगदी तीन दिवसांपर्यंत, असा दंडक होता. म्हणजे आजारी यंत्रालाच जास्त पळवायचे. थंड इंजिन एकदम पूर्ण वेगाला नेले की बेअरिंगे वंगण पोचण्याआधीच घासतात. चाचणीच झीज वाढवते हे ध्यानात आल्यावर १९८४मध्ये अशा थंड, झटपट सुरुवाती कमी करण्याची सूचना निघाली. आज तिथे साधारणपणे महिन्यातून एकदा चाचणी असते. आधी वंगण फिरवतात आणि मग तासभर तरी भारावर चालवतात. पूर्ण २४ तासांची धाव इंधनबदलाच्या चक्रातून एकदा.

एक डिझेल बंद असताना केंद्र चालू ठेवले म्हणजे बेपर्वाई, हेही सरसकट खरे नाही. अमेरिकी नियमांत त्यासाठी मोजकी मुदत असते, मूळ नमुन्यात ७२ तासांची. त्यातही पहिल्या २४ तासांत, तोच दोष दुसऱ्या डिझेलमध्ये नाही हे दाखवावे लागते किंवा ते चालवून बघावे लागते. कारण एकाच बनावटीची, एकाच हाताने दुरुस्त केलेली दोन यंत्रे एकाच दिवशी दगा देऊ शकतात. मुदत संपली की भट्टी बंद करायची.

शेवटचा समज भीतीचा : सगळी डिझेल गेली की भट्टी वितळलीच. याचे उत्तर आपल्याच देशात आहे. ३१ मार्च १९९३च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनचा भडका उडाला आणि केबल जळत गेल्या. कंट्रोल रूममध्ये धूर भरला. जनरेटर होते, पण त्यांची वीज आणि त्यांचे नियंत्रण वाहणाऱ्या केबलच आगीत गेल्या. केंद्र सुमारे १७ तास विजेविना होते. कर्मचाऱ्यांनी बॅटरीच्या उजेडात जाऊन भट्टीत बोरॉन सोडणारे व्हॉल्व्ह हाताने उघडले. आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी बाष्पजनित्रांना पाणी दिले, आणि भट्टीतले पाणी पंपाशिवाय, केवळ तापमानातल्या फरकाने फिरत राहिले. इंधन शाबूत राहिले. घटनेची नोंद आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवर तिसऱ्या पातळीवर झाली. फुकुशिमाची सातव्या.

नरोराचा दोष इंजिनात नव्हता, एकत्र टाकलेल्या केबलींत होता. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या १९६९ सालच्या दोन भट्ट्यांची २००५-०६मध्ये डागडुजी झाली, तेव्हा जुने डिझेल जनरेटर बदलले गेले आणि दोन्ही युनिटांचा आणीबाणीचा वीजपुरवठा एकमेकांपासून वेगळा करण्यात आला.