भाजीची वाटी आधी बाजूला

"ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा ठेवा," असं डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा मी मान डोलावली आणि घरी आले. रात्री साडेदहाला जेवायला बसले, तर कढईत वांग्याच्या दोन फोडी आणि तेल. सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर जी बसते तिच्या ताटात अर्धी भाजी येणार कुठून?

ही गोष्ट २०२१ सालची. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची. पायाला मुंग्या यायच्या, रात्री तीनदा उठावं लागायचं. मी म्हणायची, वय झालं. तपासलं तर उपाशीपोटी साखर १६८ आणि जेवणानंतर दोन तासांनी २७४. उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या वर म्हणजे मधुमेह, हे मला तेव्हा कळलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए-वन-सी ८.९ निघाली. माझ्या आईलाही शुगर होती, तरी मी एकदाही तपासून घेतलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट मात्र माझ्याच पिशवीत असायचे!

"दिवसभरात काय काय खाता ते लिहून आणा," बाई म्हणाल्या. लिहायला बसले आणि माझीच मला लाज वाटली. चहा सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे बारा चमचे नुसत्या चहातून. धाकट्यानं टाकलेली अर्धी पोळी. रात्रीचा उरलेला भात, कारण टाकायचा कसा? माझ्या यादीतलं निम्मं अन्न दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातलं होतं.

आम्ही बार्शीकडच्या बायका भाकरी म्हटलं की निर्धास्त असतो. पण ज्वारीतही पिष्ट असतंच. मैद्यापेक्षा ती बरी, हे खरं. तरी तीन भाकऱ्या नुसत्या शेंगाच्या चटणीशी खाल्ल्या तर साखर चढणारच. गुळाचंही तेच. चहात साखरेऐवजी गूळ घालून मी महिनाभर खूश होते, तर बाई हसल्या. रक्ताला दोन्ही सारखेच म्हणे.

खरा धडा मिळाला २०२२ च्या आषाढीला. सकाळी नेहमीची गोळी घेतली, आणि भगवंताचं दर्शन झाल्याशिवाय काही खायचं नाही म्हणून तशीच रांगेत उभी राहिले. घरी येते तो अकरा वाजलेले. हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांपुढं अंधारी. जाऊबाईंनी धरून ओट्याशी बसवलं. मुलानं मशीन लावलं तर साखर ५४! सत्तरच्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, एवढं त्याला माहीत होतं म्हणून बरं. (माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.) माझ्या गोळीत ग्लिमेपिराइड होतं. ते पोटात अन्न नसलं तरी इन्सुलिन सोडायला लावतं.

त्यानंतर काय केलं असेल मी? ताटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली. दोन तासांनी साखर २८६. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एका उपासात दोन्ही टोकं बघून झाली.

संध्याकाळी सासूबाई जवळ येऊन बसल्या. वय अठ्ठ्याहत्तर, एकही एकादशी न मोडलेल्या. मला वाटलं, आता बोलणार. तर म्हणाल्या, "अगं, आधी सांगायचं नाही का गोळीचं? माझ्यामुळं उपाशी राह्यलीस." खरं तर मीच सांगितलं नव्हतं. घरात आजारी म्हणवून घेणं नको वाटायचं.

आता उपासाच्या आदल्या आठवड्यात मी डॉक्टरांना गोळीचं विचारते. गोळी मनानं बंद करायची नाही, आणि उपाशीपोटी मनानं घ्यायचीही नाही. सकाळी दही-काकडी आणि मूठभर शेंगदाणे, दुपारी वाटीभर भगर, शेंगदाण्याची आमटी. भगरही वाटीनंच मोजून, कारण तिच्यातही पिष्ट आहेच.

रोजच्या जेवणात मोठा बदल एकच केला. फोडणी बसून भाजी झाली की माझी वाटी आधी बाजूला काढते आणि आठला सगळ्यांबरोबर जेवते. आधी भाजी आणि मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, मग एक भाकरी, भात असलाच तर शेवटी चार घास. हा क्रम पाळला की जेवणानंतरची साखर कमी चढते. मी मशीनवर ताडून पाहिलंय. मग गल्लीतून पंधरा मिनिटं चक्कर. पहिले काही दिवस घरात "आज ही आधी बसली" असं झालं. आता सासूबाईच विचारतात, "तुझी वाटी काढली का गं?" कारल्याचा रस, मेथीचं पाणी हेही करून झालं. चालत असेल तर घ्यावं, पण त्यावर गोळी सोडू नये.

मागच्या तपासणीत एचबीए-वन-सी ७.१ आली. बाई म्हणाल्या, अजून थोडी खाली आणू.

जाऊबाई मात्र अजून सगळ्यांच्या शेवटी बसतात. परवा त्याही म्हणाल्या, पायाला मुंग्या येतात. सोमवारी सकाळी त्यांना उपाशीपोटी तपासायला घेऊन चाललेय.