गणवेश उतरल्यानंतर

दिल्लीत दर्यागंजच्या पदपथावर दर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरत असे, त्या काळात घेतलेली ‘टू सर, विथ लव्ह’ची एक प्रत माझ्या कपाटात वर्षानुवर्षे पडून होती. चित्रपट पाहिलेला असल्याने पुस्तक वाचण्याची निकड कधी भासली नाही. गेल्या महिन्यात आजारपणात ते हाती घेतले आणि ध्यानात आले की, जिला मी इतकी वर्षे आदर्श शिक्षकाची कथा समजत होतो, ती मुळात एका बेरोजगार माजी सैनिकाची कथा आहे.

लेखक ई. आर. ब्रेथवेट यांचा जन्म १९१२ मध्ये ब्रिटिश गयानातील जॉर्जटाऊन येथे झाला. १८३८ पासून आपल्याकडील गिरमिटियांची जहाजे ज्या वसाहतीत जात होती, तीच ही वसाहत. ब्रेथवेट मात्र आफ्रिकी वंशाच्या सुस्थित कुटुंबातले. शिक्षण तेथील क्वीन्स कॉलेजात आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये झाले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ते ब्रिटनच्या हवाई दलात दाखल झाले. आपण ब्रिटिश आहोत, ही त्यांची मनापासूनची समजूत होती. ते युद्ध त्यांना स्वतःचेच वाटले.

त्या दलाची दारे त्यांच्यासारख्यांना उघडली तो प्रसंग धोरणाच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावा असा आहे. युद्धापूर्वी निखळ युरोपीय वंशाखेरीज कोणालाही तेथे अधिकारपद मिळत नसे. ऑक्टोबर १९३९ मध्ये वसाहतींतील प्रजाजनांसाठी ही अट शिथिल झाली, पण युद्धकाळापुरती. तत्त्व जागच्या जागीच राहिले. गरजेपोटी त्याला मुदतीची सवलत जोडली गेली. ब्रेथवेट यांना तेव्हा हे जाणवले नव्हते. गणवेशात असताना आपल्या कातडीच्या रंगाची आठवण कोणी करून दिली नाही, असे ते सांगतात.

युद्ध संपले, गणवेश उतरला. त्यांचे प्रशिक्षण अभियांत्रिकीचे होते आणि त्या क्षेत्रात माणसांची टंचाई होती. अर्ज पाठवला की मुलाखतीचे पत्र येई. अर्जावरून रंग दिसत नसतो. पुस्तकातील एका मुलाखतीचे वर्णन मी दोनदा वाचले. कारकून बाईंचा गोंधळ, मग सौजन्य, मग विषयातले प्रश्न. प्रत्येक प्रश्नाचे नेमके उत्तर जाते. शेवटी सांगितले जाते की, या पदावरील माणसाच्या हाताखाली इंग्रज कर्मचारी असतील, त्यामुळे आपला इलाज नाही. नंतर कमी दर्जाच्या कामांसाठीही त्यांनी दारे ठोठावली, तेव्हा शिक्षण गरजेपेक्षा जास्त ठरले. असे महिन्यांमागून महिने गेले. अखेर सेंट जेम्स पार्कमधल्या बाकावर भेटलेल्या एका अनोळखी वृद्धाने सुचवले, शिक्षक व्हा. पूर्व लंडनच्या शाळांना कोणीही चालते. ज्या नोकरीकडे दुसरे कोणी फिरकत नव्हते, ती त्यांच्या वाट्याला आली. (आपल्याकडे कोणत्या शाळांतील पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात, याची यादी पाहिली की हा नियम परका वाटत नाही.)

ती शाळा केबल स्ट्रीटजवळची, सेंट जॉर्ज-इन-द-ईस्ट. मुख्याध्यापक ॲलेक्स ब्लूम. छडीला बंदी, मुलांची स्वतःची सभा, दर आठवड्याला शाळेविषयी मुलांनी मोकळेपणाने लिहायचे अभिप्राय: १९४०-५० च्या दशकांत बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या गरीब वस्तीत हे सारे चालू होते. चित्रपटामुळे ब्लूम जवळपास विस्मृतीत गेले, हा मला अन्याय वाटतो. ब्रेथवेट यांनी वर्गात जे साधले, ते ब्लूम यांनी तयार केलेल्या जमिनीवर.

पुस्तकातला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंगही वर्गातलाच आहे. तोवर मुले सुधारलेली आहेत, ‘सर’ म्हणू लागली आहेत, संग्रहालयात शहाण्यासारखी वागून आली आहेत. वर्गातल्या एका मिश्रवंशी मुलाची आई वारते. मुले फुलांसाठी पैसे गोळा करतात, पण फुले त्याच्या घरी घेऊन जायला जवळपास कोणीच तयार होत नाही. काळ्या माणसाच्या घरात शिरताना पाहिले तर लोक काय म्हणतील, ही भीती. ब्रेथवेट स्वतः जायचे ठरवतात आणि तेथे पोहोचतात तेव्हा मुले आधीच येऊन थांबलेली असतात. लेखक हा विजय म्हणून सांगतो; माझे मन मात्र आदल्या दिवशीच्या त्या नकारापाशीच अडले. त्या मुलांमध्ये दुष्ट असे कोणी नव्हते. त्यांना शेजाऱ्यांची लाज वाटत होती.

पुस्तक १९५९ मध्ये आले, चित्रपट १९६७ मध्ये. चित्रपटाच्या शेवटी नायकाला अभियंत्याच्या नोकरीचे पत्र येते आणि शाळेच्या प्रेमापोटी तो ते फाडून टाकतो. थिएटरात डोळे पाणावतात. ब्रेथवेट यांना हा चित्रपट मुळीच आवडला नव्हता, आणि पुस्तक वाचल्यावर त्याचे आश्चर्य वाटत नाही. पुस्तकात नाकारण्याची संधी त्यांना मिळतच नाही. नाकारले जातात ते स्वतः. आपल्याकडे १९७४ च्या ‘इम्तिहान’मध्ये या कथेची छाया आहे असे म्हणतात, तेथेही वर्ग आला, मुलाखतीची खोली आली नाही.

ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा १९६५ चा. तो सार्वजनिक ठिकाणांपुरता होता. नोकरी आणि घरे त्याच्या कक्षेत आली ती १९६८ मध्ये. तोवर ब्रेथवेट शाळेतून समाजसेवा विभागात, तेथून युनेस्कोत आणि पुढे संयुक्त राष्ट्रांत स्वतंत्र गयानाचे प्रतिनिधी म्हणून पोहोचले होते. १९७३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा तेथील सरकारने त्यांना ‘मानद गोरा’ असा दर्जा दिला. पुन्हा मुदतीची सवलत! २०१६ मध्ये, वयाच्या १०४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

गणवेशापुरती समता आपल्याला नवी नाही. पहिल्या महायुद्धात माणसे हवी होती तेव्हा महारांची स्वतंत्र पलटण उभारली गेली आणि युद्धानंतर काही वर्षांतच ती मोडली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांच्या मुलाला मात्र शाळेत वेगळे बसावे लागले. राज्यघटनेने हे निषिद्ध केले, परंतु अनुच्छेद १६ सरकारी नोकरीपुरता आहे. स्त्रियांसाठी, दिव्यांगांसाठी वेगळे कायदे आहेत. नागरी हक्क संरक्षण कायद्यात नोकरीचा उल्लेख आहे, पण तो अस्पृश्यतेपुरताच आहे आणि त्यासाठी फौजदारी न्यायालयाची वाट धरावी लागते. आडनाव, धर्म, प्रदेश पाहून खासगी मालकाने उमेदवाराला वगळले, तर दाद मागण्यासाठी सर्वसमावेशक असा कायदा नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे, केवळ आडनावे वेगळी असलेले अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष स्पष्ट होते: दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी. सच्चर समितीने २००६ मध्येच समान संधी आयोग सुचवला होता. २०१७ मध्ये लोकसभेत भेदभावविरोधी खासगी विधेयकही मांडले गेले. ते पुढे सरकले नाही.

या विषयावर मी तटस्थपणे लिहू शकत नाही. काही वर्षांपूर्वी एका खासगी शाळेच्या निवड समितीवर मी होतो. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा होती. एक उमेदवार भारतीय हवाई दलातून वीस वर्षांनी निवृत्त झालेले एअरमन. नोकरी सांभाळून पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. केलेले. त्यांनी फळ्यावर विमानाच्या पंखाची आकृती काढून दाबातील फरक असा समजावला की, मला माझे शाळकरी दिवस आठवले. ते बाहेर गेल्यावर समितीतले एक जण त्यांचे आडनाव उच्चारून थांबले आणि म्हणाले, ‘आपल्या पालकांना रुचेल का?’ कोणी काही बोलले नाही. चहा आला. इतिवृत्तात कारण नोंदले गेले ते असे: ‘पदाच्या मानाने पात्रता अधिक.’ त्याखाली चार सह्या आहेत. तिसरी माझी.