दंडात बळ नको, हात थांबवा : फ्लाय कास्टिंगचे गैरसमज

“जोर लाव अजून, मग जाईल लांब!” फ्लाय रॉड पहिल्यांदाच हातात धरलेल्या माणसाला हा सल्ला ऐकावा लागला नाही, असं सहसा होत नाही. सल्ला देणारा बहुधा साध्या गळावर हात बसलेला जुना जाणता गडी असतो. म्हणून नवखा मान डोलावतो, दातओठ खाऊन रॉड फिरवतो आणि दोरी त्याच्याच टोपीवर येऊन पडते. यावर सल्लागाराचं निदान ठरलेलं : “अजून कमी पडतोय जोर.” हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या काठी ट्राऊटच्या मागे लागलेल्या हौशी पुणेकराला हेच सांगतात आणि अमेरिकेत नोकरीला जाऊन तिथल्या नदीत उतरलेल्या आपल्या पोरांनाही हेच. या निदानाचा आता वैताग आला आहे. दोरी टोपीवर पडते ती बहुतेक वेळा जोर जास्त झाला म्हणून, किंवा भलत्या क्षणी लागला म्हणून.

हा गैरसमज येतो कुठून, ते आधी पाहू. पवई तलावाच्या काठी गळ टाकणारा माणूस तंगुसाच्या टोकाला शिसं बांधतो किंवा जड आमिष लावतो. फेकलं जातं ते वजन, तंगूस त्याच्या मागे रिळावरून सुटत जातो. इथे वजन टोकाला एकवटलेलं असतं. फ्लाय म्हणजे गळाच्या काट्यावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी. तिला वजन असं नसतंच. ती हाताने भिरकावून पाहा, दोन पावलांवर पडेल. म्हणून फ्लाय फिशिंगमध्ये वजन दोरीत घातलेलं असतं. दोरी जाड, प्लास्टिकचं आवरण असलेली असते. आपण फेकतो ती दोरी आणि माशी फक्त तिच्यासोबत जाते.

हे वजन किती, याबद्दल अंदाज बांधायची गरज नाही. अमेरिकेतल्या मासेमारी-साहित्य उत्पादकांच्या संघटनेने 1961 साली दोऱ्यांना क्रमांक देण्याची पद्धत ठरवली. दोरीच्या पहिल्या 30 फुटांचं वजन मोजायचं आणि त्यावरून क्रमांक द्यायचा. ट्राऊटसाठी सर्रास वापरतात त्या 5 नंबरच्या दोरीचे हे 30 फूट 140 ग्रेन भरतात, म्हणजे साधारण 9 ग्रॅम. आपल्याकडचं जुनं, जाडजूड पाच रुपयांचं नाणंही 9 ग्रॅमचंच होतं. महाशीरसारख्या दांडग्या माशासाठी 8 नंबरची दोरी घेतली, तरी 210 ग्रेन, म्हणजे चौदा ग्रॅमच्या आत. एवढं वजन हलवायला दंडाच्या बेटकुळ्या कशाला लागतात, हे कुणीतरी मला समजावून सांगावं.

अडचण वजनाची नाही. ते वजन तीस फूट लांबीच्या लुळ्या दोरीत पसरलेलं आहे, ही अडचण. दोरीला मागून ढकलता येत नाही, ती ओढावीच लागते. कास्टिंग म्हणजे दोरी ओढून वेगात आणायची आणि मग ओढणारं टोक एकदम थांबवायचं. सगळी कला या दोन क्रियांत आहे आणि त्यातली दुसरी पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे.

एक कास्ट सावकाश पाहू. समोर पाण्यावर तीसेक फूट दोरी पडलेली आहे. रॉडचं टोक पाण्याला जवळजवळ टेकलेलं, दोरीत कुठेही ढील नाही. आता रॉड उचलायचा, सुरुवातीला हळू. दोरी पाण्यावरून सुटत येते, रॉड तिच्या ओझ्याने वाकू लागतो. वेग सारखा वाढवत न्यायचा, कुठेही हिसका नाही. रॉड डोक्यावरून थोडा मागे गेला की हात जागच्या जागी थांबवायचा. थांबवायचा म्हणजे थांबवायचा, मागे झुकू द्यायचा नाही. रॉडचं टोक थांबलं, पण दोरी वेगात आहे; ती टोकावरून पुढे निघून जाते आणि आडव्या पडलेल्या इंग्रजी ‘यू’सारखा एक लूप हवेत उलगडत जातो. लुपाची खालची बाजू रॉडने धरलेली, वरची धावणारी. लूप पुढे सरकतो तशी धावणारी बाजू आखूड होत जाते, म्हणजे उरलेला वेग कमी-कमी वस्तुमानात साठत जातो. म्हणून शेवटचा लीडर, म्हणजे दोरी आणि माशी यांना जोडणारा पातळ तंगूस, आणि बिनवजनाची माशीही सरळ होते. लूप उलगडेपर्यंत हात स्थिर. मग हेच सगळं पुढच्या दिशेने.

यात जोर कुठे आला? फार तर थांबण्याआधीच्या शेवटच्या क्षणी, मनगटाची छोटीशी झटक. बाकी सगळा मामला रॉडचं टोक किती सरळ रेषेत चाललं याचा. टोक सरळ रेषेत गेलं तर लूप अरुंद होतो आणि हवा कापत जातो. टोक कमानीसारखं वर जाऊन खाली आलं तर लूप दरवाजाएवढा रुंद होतो, हवेतच दम तोडतो. टोक मधेच सरळ रेषेखाली दबून पुन्हा वर आलं तर लुपाची वरची बाजू खालच्या बाजूला आडवी जाते आणि लीडरला गाठ बसते.

जोर लावणाऱ्याचं नेमकं इथेच बिनसतं. सुरुवातीलाच हिसका दिला की रॉड अवेळी वाकतो, टोक खाली दबतं आणि गाठ पडते. शेवटी ताकदीच्या भरात मनगट मागे कलंडलं की टोक कमानीत फिरतं आणि लूप फुगतो. यातूनही कुणी वाचला, तर त्याचा हात थांबल्यावर रॉड तेवढ्याच जोरात मागेपुढे थरथरतो आणि दोरीत लाटा उठतात. लावलेली ताकद लाटांत गेली, दोरी पुढे जायची राहिली. मग सल्लागार म्हणतो, अजून जोर लाव.

शंका असेल त्यांनी जोन वुल्फ यांची कारकीर्द पाहावी. 1926 साली अमेरिकेत न्यू जर्सीत जन्मलेल्या या बाई नृत्यशिक्षिका होत्या. 1951 साली लांब फेकीच्या राष्ट्रीय स्पर्धेत बाकी सगळे पुरुष स्पर्धक असताना त्या पहिल्या आल्या. 1960 साली त्यांनी 161 फुटांचा कास्ट टाकला. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत पतीसोबत शाळा काढून त्यांनी कास्टिंग शिकवलं. त्यांच्या शिकवणीचा गाभाच हा : आधी रॉडला सावकाश ओझं घेऊ द्या, मग थोडक्यात, नेमकी झटक देऊन थांबा. दंडाचा घेर हाच निकष असता, तर त्या मैदानात बाई जिंकल्याच नसत्या.

दुसरा पुरावा पुस्तकातला. जे आणि बिल गॅमेल या बापलेकांनी 1990 साली कास्टिंगची पाच सूत्रं मांडली. जगभरचे प्रशिक्षक आजही त्यांवरूनच शिकवतात. दोरीत ढील नको. रॉडचं टोक सरळ रेषेत चालावं. रॉड किती कोनात फिरवायचा ते दोरीच्या लांबीवर ठरवावं. प्रत्येक फेरीच्या शेवटी दोरीच्या लांबीप्रमाणे थांबावं. आणि जोर योग्य प्रमाणात, योग्य जागी लावावा. जोराचा उल्लेख पाचातल्या एकाच सूत्रात आहे आणि तिथेही ‘योग्य’ हा शब्द दोनदा येतो.

आता एक कबूल करायला हवं. साठ-सत्तर फुटांपलीकडे जायचं तर जास्त ऊर्जा लागतेच. पण जाणकार ती रॉडच्या हाताने ओरबाडून काढत नाहीत. दुसऱ्या हाताने दोरी योग्य क्षणी खाली ओढून ते तिचा वेग वाढवतात. याला हॉल म्हणतात. मागे आणि पुढे दोन्ही वेळा केला की डबल हॉल. तोही आधी अरुंद लूप जमणाऱ्यानेच शिकावा. फुगलेल्या लुपाला हॉल जोडला तर फुगलेला लूप जरा वेगाने जातो, इतकंच.

दुसरा गैरसमज सिनेमाने घट्ट केला आहे. नॉर्मन मॅक्लीन यांच्या 1976 च्या ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’मध्ये पाद्री बाप पोरांना चार ठेक्यांवर, घड्याळाच्या दहा ते दोनच्या मध्ये रॉड हलवायला शिकवतो. 1992 साली रॉबर्ट रेडफर्डने त्यावर चित्रपट काढला आणि ‘दहा ते दोन’ हा जणू कायदाच झाला. सुरुवातीची शिस्त म्हणून हे ठीक आहे. पण वीस फूट दोरीला एवढा कोन लागत नाही. तो घेतला तर लूप उघडा पडतो. उलट साठ फूट दोरीला तो अपुरा पडू शकतो आणि टोक दबून गाठ बसते. चार ठेक्यांचंही तेच. दोरी लांब, तर थांबणं लांब. ठेका घड्याळ देत नाही, मागे उलगडणारी दोरी देते. त्याच चित्रपटात ब्रॅड पिटच्या हातची वाटणारी, पाण्यावर दोरी नाचवत ठेवणारी करामत जेसन बोर्जर नावाच्या कास्टरने केली आहे. ती पाहून नदीवर आठ-आठ वेळा दोरी हवेत फिरवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं : माशाला डोक्यावरची सावली दिसते आणि माशी पाण्यात असेल तरच मासा तिला तोंड लावतो. दोन-तीन फेऱ्या पुष्कळ झाल्या.

आता उरलेले किरकोळ.

गैरसमज : लीडरला गाठी वाऱ्याने पडतात.
वस्तुस्थिती : इंग्रजीत या गाठींना वाऱ्याचंच नाव आहे, म्हणून सगळे वाऱ्याला शिव्या देतात. बहुतेक गाठी वर सांगितलेल्या हिसक्याच्या आहेत. त्या लीडर कमकुवत करतात. दिसली की सोडवा किंवा तुकडाच बदला.

गैरसमज : चाबकासारखा फटकारा ऐकू आला म्हणजे कास्ट जोरकस झाला.
वस्तुस्थिती : मागची दोरी उलगडायच्या आत हात पुढे आला, एवढाच त्याचा अर्थ. त्या फटकाऱ्यात माशी तुटूनही जाते आणि माणूस रिकामा लीडर पाण्यावर टाकत बसतो.

गैरसमज : मागे वळून पाहणं नवशिक्याचं लक्षण.
वस्तुस्थिती : मागचा कास्ट बिघडला की पुढचा सुधारत नाही. खुशाल मान वळवून पाहा.

गैरसमज : मनगट लाकडासारखं घट्ट हवं.
वस्तुस्थिती : जुन्या इंग्रज पद्धतीत बगलेत पुस्तक धरून शिकवत. मनगट सैल पडायला नको हे खरं, पण शेवटची झटक त्याचीच असते.

गैरसमज : महागडा, ताठ रॉड घेतला की अंतर वाढतं.
वस्तुस्थिती : नवशिक्याला ताठ रॉडचं वाकणं जाणवतच नाही. मध्यम लवचिक रॉड आणि त्याला जुळणाऱ्या क्रमांकाची चांगली दोरी घ्या.

गैरसमज : लांब फेकता आलं नाही तर ट्राऊट मिळत नाही.
वस्तुस्थिती : तीर्थनसारख्या दगडाधोंड्यांच्या नदीत वीस-तीस फुटांवर नेमकी माशी टाकणारा, सत्तर फुटांवर कुठेतरी टाकणाऱ्यापेक्षा जास्त मासे पाहतो. मागे झाडी असेल तर रोल कास्ट शिका. त्यात दोरी मागे न्यावीच लागत नाही.

गैरसमज : सराव नदीवरच होतो.
वस्तुस्थिती : नदीवर लक्ष माशात असतं, हातात नसतं. सराव गवतावर करा. सिमेंटवर दोरी खरवडते. माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा, म्हणजे कुणाच्या कानात काटा जाणार नाही. डोळ्यावर चष्मा आणि डोक्यावर टोपी मात्र तिथेही हवी.

सरावाचा एक प्रकार इथे सांगतो, कारण जोराचं भूत त्याने उतरतं. तीस फूट दोरी बाहेर काढा, पंचवीस-तीस फुटांवर जेवणाचं ताट ठेवा आणि कास्ट करा. प्रत्येक कास्टला जोर थोडा कमी करत जा. एक वेळ अशी येईल की लूप कोसळेल, दोरी सरळ होणार नाही. तिथून अगदी किंचित जोर वाढवा. तीस फुटांना लागणारा जोर तेवढाच. बाकी सगळा तुम्ही आजवर वाया घालवत होतात. मित्राला बाजूला काटकोनात उभं करून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून घ्या आणि बघताना हाताकडे बघू नका, रॉडच्या टोकाकडे बघा. टोक सरळ चाललं की कमान झाली, ते लगेच कळेल.

हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राऊट पकडायला बंदी असते. या चार महिन्यांत जवळच्या मैदानावर रोज पंधरा मिनिटं हे करा आणि मार्चमध्ये परवाना काढून नदीवर जा. तिथे कुणी “जोर लाव” म्हणालं, तर त्याच्या हातात रॉड द्या आणि स्वतः चार पावलं मागे सरका.