मुलांच्या तापांत रक्तांतील साखर काय सांगते?

लहान मुलाला ताप भरतो, तोंड आंतून दुखूं लागतें, आणि एकदोन दिवसांत तळहातांवर व तळपायांवर बारीक फोड दिसूं लागतात. ह्यास हात-पाय-तोंडाचा रोग म्हणतात. तो विषाणूंपासून होतो, पांच वर्षांखालील मुलांत विशेष आढळतो, आणि बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप बरा होतो. अशा मुलाचें रक्त तपासण्याचेंही सहसा कारण पडत नाहीं.

परंतु १९९८ सालीं तैवान बेटावर ह्याच रोगाची मोठी सांथ आली, तेव्हां ४०५ मुलांचा आजार गंभीर झाला आणि ७८ रुग्ण दगावले. ह्या प्राणहानीचें मुख्य कारण 'एंटेरोव्हायरस ७१' हा विषाणु ठरला. दगावलेल्यांपैकीं पुष्कळांचीं फुप्फुसें एकाएकीं पाण्यानें भरलीं होतीं. अशा मुलांच्या नोंदी तेथील डॉक्टरांनीं पडताळून पाहिल्या, तेव्हां तीन खुणा पुढें आल्या : रक्तांत वाढलेली साखर, वाढलेल्या पांढऱ्या पेशी आणि हातापायांतील दुर्बलता.

मधुमेह नसलेल्या मुलाच्या रक्तांत साखर कां वाढावी? हा विषाणु क्वचित् मेंदूच्या देठापर्यंत पोंचतो. श्वास, हृदयाचे ठोके व रक्तदाब ह्यांचें नियमन तेथून होतें. तेथें दाह झाला म्हणजे हें नियमन बिघडतें आणि ॲड्रिनॅलिनसारखीं द्रव्यें रक्तांत एकदम उसळतात. तीं यकृताला सांठविलेली साखर सोडावयास लावतात व इन्शुलिनचा स्राव दडपतात. त्याच उसळीनें रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर भार पडतो आणि फुप्फुसांत पाणी उतरूं लागतें. पुढें पेशींना प्राणवायु कमी पडला, म्हणजे रक्तांत लॅक्टिक आम्लही वाढतें.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. साखरेचा आकडा विषाणूचें नांव सांगत नाहीं. तें घशांतील किंवा विष्ठेच्या नमुन्यावरून कळतें. साखर केवळ शरीरावर पडलेल्या ताणाची वर्दी देते. इतर गंभीर आजारांत, किंवा शिरेवाटे ग्लुकोज दिलें असतांही ती वाढते. उलट, उपाशी राहिलेल्या मुलांत ती उतरते. म्हणून डॉक्टर हा आकडा इतर लक्षणांच्या जोडीनेंच वाचतात.

ह्या विषाणूवरील लस चीनमध्यें २०१५ सालीं मंजूर झाली. परंतु त्यावर नेमकें औषध अद्याप नाहीं. त्यामुळें धोका वेळीं ओळखण्यास फार महत्त्व आहे, आणि तें काम घरांतच सुरू होतें. त्यासाठीं बोट टोचून साखर मोजीत बसण्याची जरूरी नाहीं. झोप लागतांना मूल पुनःपुन्हां दचकूं लागलें, त्याचे पाय लटपटूं लागले, वांत्या थांबेनात, तें सुस्त पडलें, श्वास जलद झाला किंवा अंगाला थंड घाम सुटला, तर अंगावरचे फोड थोडेच आहेत ह्या समाधानावर राहूं नये. सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.