माशाशिवाय माशाचं तेल

जिम लावली की आठवड्याभरात कुणीतरी सल्ला देतंच, 'ओमेगा-३ सुरू कर.' तुम्ही शाकाहारी असाल तर गाडी तिथेच अडते, कारण डबीवर 'फिश ऑइल' लिहिलेलं असतं. घरी आजीचं म्हणणं वेगळं. 'जवसाची चटणी खा, त्यातही तेच असतं.'

आजीचं निम्मं बरोबर आहे. ओमेगा-३ हे एका पदार्थाचं नाव नाही, तो फॅटी ॲसिडचा गट आहे. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं ते एएलए. त्याच्या साखळीत कार्बनचे १८ अणू आणि ३ दुहेरी बंध असतात. मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला लागतं ते मात्र डीएचए, म्हणजे २२ कार्बन आणि ६ दुहेरी बंध. या दोघांच्या मध्ये येतं ईपीए, २० कार्बन आणि ५ बंधांचं. आपलं शरीर एएलएपासून ही दोन्ही बनवतं, पण अगदी हात आखडून. ईपीए थोडंसं बनतं, डीएचए त्याहून कमी. चटणी जरूर खा, पण बांगडा जे देतो ते सगळं ती देत नाही.

गंमत म्हणजे बांगडासुद्धा हे बहुतांशी स्वतः बनवत नाही. ते बनवतात समुद्रातली सूक्ष्म शैवालं. शैवाल खाणारे बारीक जीव, त्यांना खाणारे लहान मासे, त्यांना खाणारे मोठे मासे, अशा साखळीतून ते माशाच्या अंगात साठतं. म्हणजे 'माशाचं तेल' मुळात शैवालाचंच आहे. म्हणून तर टाक्यांमध्ये वाढवलेल्या शैवालापासून काढलेल्या डीएचएच्या शाकाहारी कॅप्सूल बाजारात मिळतात.

मग अडचण कसली? समुद्र पुरत नाही, ही. जगात दरवर्षी साधारण १० लाख टन माशाचं तेल निघतं आणि त्यातलं बरंचसं पुन्हा माशांनाच खाऊ घातलं जातं. पिंजऱ्यात वाढवलेल्या सामन माशाला खाद्यातून ईपीए-डीएचए द्यावं लागतं. ते पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हीसारख्या छोट्या माशांमधून येतं. मत्स्यशेती वाढत गेली, पण समुद्रातले छोटे मासे काही वाढले नाहीत. मग खाद्यात वनस्पती तेल मिसळायला सुरुवात झाली. परिणाम असा की २००६ ते २०१५ या काळात स्कॉटलंडच्या शेतीतल्या सामनमधलं ईपीए-डीएचए जवळपास निम्म्यावर आलं.

इथे शास्त्रज्ञांनी वेगळा विचार केला. तेलबियांमध्ये १८ कार्बनची साखळी तयार असतेच. ती लांब करणारी आणि तिच्यात दुहेरी बंध घालणारी एन्झाइम्स तेवढी नसतात. मग ती बनवण्याची जनुकंच बियांना दिली तर?

इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन संस्थेत जोनाथन नेपियर यांच्या गटाने मोहरीच्या कुळातल्या कॅमेलिना या पिकावर हा प्रयोग केला. शैवाल आणि इतर सूक्ष्मजीवांसारख्या स्रोतांतून घेतलेली जनुकं त्यांनी या पिकात घातली. माशाचं एकही जनुक त्यात नाही. ही जनुकं बी भरत असतानाच चालू होतात, त्यामुळे नवं तेल बियांत साठतं. २०१४ मध्ये हे पीक शेतातही लावून पाहिलं गेलं. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ आणि न्यूसीड यांनी हेच काम कॅनोलात केलं, ७ जनुकं घालून. २०१८ मध्ये तिथे या कॅनोलाच्या लागवडीला परवानगी मिळाली आणि त्याचं तेल आता मत्स्यखाद्यात वापरलं जातं. सीएसआयआरओचा अंदाज असा, की १ हेक्टर कॅनोलातून १० हजार किलो माशांइतकं ओमेगा-३ मिळू शकतं.

ऐकायला भारी वाटतं, पण प्रश्नही आहेत. जमिनीवरच्या पिकांमध्ये ईपीए-डीएचए कधीच नव्हतं. ते खाणाऱ्या किड्यांचं काय? २०१६ मध्ये एका प्रयोगात कोबीवरच्या फुलपाखरांच्या अळ्यांना ही तेलं असलेलं कृत्रिम खाद्य दिलं, तेव्हा काही फुलपाखरांचे पंख वेडेवाकडे निघाले. तेल बियांत असतं आणि या अळ्या मुख्यतः पानं खातात, त्यामुळे शेतात तसंच घडेल असं यावरून म्हणता येत नाही. पण तपासायला हवंच. दुसरा प्रश्न मालकीचा. या तंत्रावर पेटंट आहेत आणि त्यावरून संस्था-कंपन्या अमेरिकेच्या कोर्टात एकमेकांशी लढल्याही आहेत. उद्या हे बियाणं घेणारा शेतकरी कुणाच्या अटींवर पेरेल?

आपल्याकडे ही चर्चा अजून आधीच्याच पायरीवर आहे. डीएमएच-११ या जीएम मोहरीचा फॅटी ॲसिडशी संबंध नाही. ती जास्त उत्पादनासाठी आहे. २०२२ मध्ये केंद्राच्या समितीने तिला हिरवा कंदील दिला आणि जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी वेगवेगळे निकाल दिले. दुसरीकडे, विदर्भ-मराठवाड्यात पिकणारा कापूस बहुतेक बीटीच आहे आणि त्याच्या सरकीचं तेल आपल्या पोटात जातंच.

म्हणून 'जीएम चांगलं की वाईट?' असं कुणी एका वाक्यात विचारलं, तर उलट विचारा: कोणतं पीक, त्यात कोणतं जनुक, ते कशासाठी, फायदा कुणाचा आणि तपासलं कुणी? बीटी कापसात कीड मारणारं प्रथिन आहे, या कॅनोलात शैवालासारखं तेल आहे. दोन्हींवर 'जीएम' हाच शिक्का असला, तरी दोन्हींची उत्तरं एकच येतील असं नाही. तुमच्यातले काही जण उद्या बायोटेक, ॲग्री किंवा लॉ करतील. त्यांच्या टेबलावर ही फाईल येणारच आहे.