आधी बाजार, मग मूड

सरकारी दवाखान्याच्या रांगेत ‘मी उदास आहे’ असं सांगायला कोणी बसत नाही. डोकं जड आहे, झोप लागत नाही, अंग ठणकतं, एवढंच सांगून माणसं गोळ्या घेतात आणि घरी जातात. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१३ ते २०१५ या काळात अशा रुग्णांना आणखी नऊ प्रश्न विचारले गेले. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशातच गोडी वाटली नाही? जेवण जातं का? जीव नकोसा झाला का? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज पंधरा किंवा त्याहून जास्त भरली, की नैराश्य बऱ्यापैकी तीव्र आहे असं समजायचं.

असे ४९५ जण ‘संगाथ’ संस्थेच्या आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाच्या प्रयोगात सामील झाले. निम्म्यांना केंद्रातले नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याच्या जोडीला समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी. हे समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, डॉक्टर तर नव्हतेच. होती ती प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं. तीन महिन्यांनी पाहिलं तर भेटी मिळालेल्या गटात ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. कामाचे बुडणारे दिवस घटले. बायकांनी सांगितलेलं नवऱ्याच्या मारहाणीचं प्रमाणही भेटींच्या गटात कमी निघालं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले.

‘नुसतं बोलून काय होणार?’ हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. खरं तर या भेटींत नुसतं बोलणं नव्हतंच.

समजा, म्हापशाजवळच्या गावातली एक चाळिशीची बाई आहे. पूर्वी दर शुक्रवारी शेजारणीबरोबर म्हापशाच्या बाजारात जायची, येताना मासळी आणायची, देवळात भजनाला बसायची. हळूहळू एकेक सुटत गेलं. ‘बरं वाटलं की जाईन’ असं ती म्हणते, आणि घरात बसून काही बरं वाटत नाही. समुपदेशक तिला एक तक्ता देते. सकाळी काय केलं, दुपारी काय केलं आणि त्या वेळी मन कसं होतं, हे त्यात भरायचं. आठवडाभरात तिलाच दिसतं, की पडून राहिलेल्या दुपारी मन सर्वांत खाली गेलं होतं आणि बहिणीशी फोनवर बोलली तेव्हा जरासं वर आलं होतं. मग पुढच्या आठवड्याचं काम ठरतं: शुक्रवारी शेजारणीबरोबर फक्त बसस्टॉपपर्यंत. मन असो वा नसो. बाजार त्याच्या पुढच्या शुक्रवारी.

या पद्धतीला ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’ म्हणतात. १९७० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी तिचा पाया घातला. माणूस कामांतून, माणसांतून अंग काढून घेतो, त्यामुळे सुख देणारे प्रसंगच घटतात, म्हणून तो आणखी आत ओढला जातो, अशी त्यांची मांडणी. पुढे सिएटलच्या नील जेकबसन यांनी विचार तपासायला शिकवणाऱ्या ॲरन बेक यांच्या उपचारपद्धतीचे भागच सुटे केले. १९९६ च्या त्यांच्या अभ्यासात १५० रुग्णांपैकी काहींना पूर्ण उपचार मिळाले, तर काहींना त्यातला केवळ कृतीचा भाग. दोघांच्या गुणात फरक दिसला नाही. ‘आधी मन तयार हवं’ ही आपली आवडती समजूत इथे बरीच डळमळते.

चिंतेचं यंत्रही याच घराण्यातलं. लिफ्टची धास्ती असलेला माणूस जिना धरतो, धडधड थांबते आणि मेंदू नोंद करून ठेवतो: जिन्यामुळे वाचलो. प्रत्येक टाळाटाळ भीतीला खतपाणी घालते. म्हणून उपचारात पायरीपायरीने लिफ्टमध्येच उभं राहायचं असतं, अपेक्षित संकट येत नाही हे शरीराला कळेपर्यंत. नवरा-बायकोतही तेच चक्र फिरताना दिसतं: एकजण विचारत सुटतो, दुसरा गप्प होत जातो, आणि प्रत्येकाला वाटतं सुरुवात समोरच्याने केली. इथे उपचारक निवाडा करत नाही, त्या चक्राकडे दोघांना बघायला लावतो.

गोव्याच्या प्रयोगात मला टक्केवारीपेक्षा वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित होत, आणि सहकारी त्या ऐकून ठरलेल्या पट्टीवर एकमेकांना गुण देत. कोण जास्त बोललं? गेल्या भेटीतल्या कामाची चौकशी झाली का? शहरांत भरपूर फी घेऊन चालणाऱ्या किती खोल्यांत असं कोणी कोणाला तपासतं?

अर्थात ६४ टक्के म्हणजे शंभरातले ३६ बरे झाले नव्हते. काहींना औषधं लागतात, काहींना दोन्ही. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येत असेल, भास होत असतील किंवा जीव द्यायचे विचार घेरत असतील, तर तक्त्यावर न थांबता मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं.

उपचार घ्यायचे ठरवलेच, तर पहिल्या भेटीत विचारून घ्यावं: तुमची पद्धत कोणती, साधारण किती भेटी लागतील, फरक पडतोय हे आपण कशावरून ठरवणार? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तीही विचारायला संकोच नको. उत्तरादाखल ‘सकारात्मक राहा’ एवढंच मिळालं, तर दुसऱ्या भेटीची वेळ घेऊ नये. आणि तज्ज्ञ जवळ नसेल, तर सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस सुरू आहे. मराठीतही बोलता येतं.